दोन पॉइंट जवळ येतायत की लांब जातायत, आणि किती वेगाने: ॲडम्समध्ये व्हीआर मोजायची सुरुवातीपासूनची पद्धत

आमच्याकडे नाशिकच्या अंबडला कॉलेज संपवून नवीन पोरं-पोरी लागतात, त्यांना सिम्युलेशनवर बसवलं की पहिल्या महिन्यात एक प्रश्न हमखास येतो, "सर, या दोन पॉइंटमधला रिलेटिव्ह वेग काढलाय पण उत्तर विचित्र येतंय." जाऊन बघितलं तर नव्वद टक्के वेळा एकच गोष्ट असते, त्यांना पाहिजे असतो दोन पॉइंटमधलं अंतर किती वेगाने बदलतंय तो आकडा, आणि मोजलेला असतो दुसराच कुठला तरी वेग. पाहिजे त्याला म्हणतात रेडियल वेलॉसिटी, पुस्तकी मराठीत अरीय वेग, आणि ॲडम्स म्हणजे यंत्रांची हालचाल कॉम्प्युटरवर चालवून बघायचं जे सॉफ्टवेअर, त्यात याचं फंक्शन आहे व्हीआर (VR). दर वेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवतो, म्हणजे ज्याला लागेल त्याने वाचून स्वतः करून बघावं. वाचून सोडून देऊ नका, सोबत मॉडेल बनवा, अर्ध्या तासाचं काम आहे.

सॉफ्टवेअर उघडायच्या आधी डोक्यात चित्र पक्कं करून घ्या, कारण बटणं चुकत नाहीत, चित्र चुकतं.

समजा तुम्ही पाथर्डी फाट्याजवळ हायवेच्या कडेला चहा पीत उभे आहात, रस्त्यापासून वीस मीटर आत. समोरून एक बाइकवाला ताशी ६० ने सरळ जातोय, वेग कमी-जास्त काहीच करत नाहीये. रस्त्यावर मोजलं तर तो तुमच्या समोरच्या जागेपासून अजून १०० मीटर लांब आहे तेव्हा तुमच्या दोघांतलं अंतर ताशी ५८.८ किलोमीटरने कमी होतंय, म्हणजे जवळजवळ पूर्ण ६०. तसंच मोजून तो २० मीटरवर आला की हाच आकडा ४२.४ होतो. आणि अगदी तुमच्या समोर आला त्या क्षणी शून्य! बाइक तेवढ्याच जोरात चाललीये, पण त्या एका क्षणाला अंतर ना कमी होतंय ना वाढतंय. पुढे गेला की तेच आकडे परत, फक्त आता अंतर वाढतंय. हा जो बदलणारा आकडा आहे ना, ५८.८, ४२.४, शून्य, मग उलट्या बाजूने, हीच रेडियल वेलॉसिटी. बाइकच्या वेगाचा जो भाग तुमच्या आणि त्याच्या मधल्या रेषेवर पडतो तेवढाच यात धरायचा, रेषेला काटकोनात जाणारा भाग सोडून द्यायचा.

कानाने ऐकायचं असेल तर ओढा स्टेशनवर उभं राहा आणि न थांबणारी मेल जाऊ द्या. भोंगा वाजवत येते तेव्हा आवाज चढा असतो आणि समोरून जाताना एकदम उतरतो, ड्रायव्हरने तर काहीच बदललेलं नसतं. आवाजाची पट्टी बदलते ती याच रेषेवरच्या वेगामुळे, गाडीच्या एकूण वेगामुळे नाही. मला स्वतःला ही गोष्ट समीकरणापेक्षा त्या भोंग्यावरून जास्त चांगली कळली.

आणि तिसरं चित्र, सगळ्यात महत्त्वाचं. मुंबई नाक्याच्या सर्कलच्या बरोबर मधोमध मित्र उभा आहे आणि तुम्ही त्याच्याभोवती बाइक फिरवताय, ताशी ३० ने, बरोबर गोल. स्पीडोमीटर ३० दाखवतोय, मित्रापासूनचं अंतर मात्र तेवढंच. रेडियल वेलॉसिटी सगळा वेळ शून्य. स्प्रिंग किंवा शॉक ॲब्सॉर्बर तुमच्या दोघांमध्ये बांधलेला असता तर तो ना दबला असता ना ताणला गेला असता, नुसता फिरला असता. डॅम्परला आतलं तेल किती वेगाने ढकललं जातंय तेवढंच कळतं, त्याचं टोक हवेत किती वेगाने फिरतंय याच्याशी त्याला काही घेणंदेणं नाही. म्हणून डॅम्पर, स्प्रिंग, हायड्रॉलिक सिलिंडर, दोरी, केबल असलं काहीही मॉडेल करायचं असेल तर पाहिजे तो रेडियल वेग.

ॲडम्सबद्दल दोन ओळी, कारण नवीन लोकांना वाटतं हे कालपरवाचं सॉफ्टवेअर आहे. हे नाव म्हणजे ऑटोमॅटिक डायनॅमिक ॲनालिसिस ऑफ मेकॅनिकल सिस्टिम्सचं लघुरूप. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बरला १९७७ साली मेकॅनिकल डायनॅमिक्स नावाची कंपनी निघाली, तिचं हे प्रॉडक्ट, पुढे २००२ मध्ये ती कंपनी एमएससी सॉफ्टवेअरने घेतली आणि २०१७ मध्ये एमएससीलाच हेक्सागॉनने घेतलं. विद्यार्थ्यांसाठी फुकट स्टुडंट एडिशन आहे, खालचं सगळं त्याच्यावर होतं, त्यामुळे ऑफिसच्या लायसन्सची वाट बघत बसू नका.

आता मॉडेल. मुद्दाम असं घेतोय की ज्याचं उत्तर कागदावर काढता येईल. नवीन माणसाने फंक्शन शिकताना थेट गाडीच्या सस्पेन्शनवर कधीच शिकू नये हे माझं ठाम मत आहे, कारण तिथे उत्तर चुकलं तरी ते चुकलंय हे कळायला काही मार्ग नसतो, ग्राफ वरखाली होताना दिसला की वाटतं बरोबरच असेल.

पायरी १, युनिट्स आणि ग्रॅव्हिटी

नवीन मॉडेल उघडा, युनिट्स एमएमकेएस ठेवा, म्हणजे मिलिमीटर, किलोग्रॅम, न्यूटन, सेकंद. ग्रॅव्हिटी बंद करा, आपल्याला लागणार नाहीये.

पायरी २, फिरणारी दांडी

ओरिजिनपासून उजवीकडे १०० मिमी लांबीची लिंक काढा, म्हणजे तिचं एक टोक शून्य-शून्य वर आणि दुसरं एक्स बरोबर १०० वर. रुंदी-जाडी काहीही राहू द्या. ओरिजिनवर लिंक आणि ग्राउंड यांच्यात रेव्होल्यूट जॉइंट लावा, बिजागिरीसारखा. त्या जॉइंटवर रोटेशनल मोशन द्या.

इथे जरा थांबा. मोशनच्या फंक्शनमध्ये आधीपासून बहुतेक तीस पुढे डी आणि मग गुणिले टाइम असं काहीतरी दिसेल. तो डी म्हणजे डिग्री. डी काढून टाकला की तोच आकडा रेडियनमध्ये धरला जातो. आपल्याला रेडियनच पाहिजे, म्हणून तिथे २ गुणिले टाइम लिहा, डी न लावता. म्हणजे दांडी दर सेकंदाला २ रेडियन फिरेल आणि एक फेरा ३.१४ सेकंदात पूर्ण होईल. डी चुकून राहिला तर दांडी सेकंदाला दोन अंशांनी सरकेल, तुम्हाला वाटेल हललीच नाही.

पायरी ३, मार्कर

आपल्याला दोन मार्कर पाहिजेत, म्हणजे पार्टवर लावलेल्या खुणेचे पॉइंट. पहिला दांडीच्या टोकावर, एक्स बरोबर १०० ला, त्याचं नाव ठेवा "टोक". दुसरा ग्राउंडवर, एक्स बरोबर ३०० ला, त्याचं नाव "खुंटी". नावं ठेवायचा कंटाळा करू नका, मॉडेलमध्ये चाळीस मार्कर झाले की मार्कर_१७ कोणता आणि मार्कर_२३ कोणता हे तुम्हालाच आठवणार नाही. सॉफ्टवेअरमध्ये नावं इंग्रजी अक्षरांत द्या, स्पेस न सोडता.

सगळ्यात जास्त पोरं इथेच अडकतात. मार्कर टाकताना टूल विचारतं की कशाला जोडायचा, ग्राउंडला की पार्टला. टोकाचा मार्कर टाकताना ग्राउंड निवडलेलं राहिलं तर तो दिसायला दांडीच्या टोकावरच दिसतो, एकदम बरोबर जागेवर, पण तो जमिनीला चिकटलेला असतो. दांडी फिरून निघून जाते आणि मार्कर तिथेच. मग ग्राफ येतो सरळ शून्याची रेषा आणि पोरगा फंक्शनमध्ये चूक शोधत बसतो. ग्राफ सपाट शून्य आला की फंक्शन नंतर बघा, आधी मॉडेल ट्रीमध्ये जाऊन मार्कर कोणत्या पार्टखाली बसलाय ते बघा.

पायरी ४, मेजर बनवणं

मेजर म्हणजे सिम्युलेशन चालताना मोजून ठेवायचा आकडा. डिझाइन एक्स्प्लोरेशन टॅबमध्ये मेजर्सचा गट आहे. त्यात पॉइंट-टू-पॉइंट मेजर पण आहे, फंक्शन मेजर पण आहे. नवीन माणूस साहजिकच पॉइंट-टू-पॉइंट घेतो, दोन पॉइंट दाखवतो, ट्रान्सलेशनल वेलॉसिटी निवडतो आणि मॅग्निट्यूडवर टिक करतो, आणि त्याला वाटतं झालं. ते मॅग्निट्यूड म्हणजे व्हीएम, एकूण सापेक्ष वेगाचं माप, वर सांगितलेल्या उदाहरणातला स्पीडोमीटर. ते आपल्याला तुलनेला लागणार आहे म्हणून बनवून ठेवा, पण ते आपलं उत्तर नाही.

आपण घ्यायचं फंक्शन मेजर. ते उघडलं की फंक्शन बिल्डर येतो, त्यात व्हेलॉसिटीच्या गटातून रेडियल वालं फंक्शन घ्या आणि असिस्ट दाबा, म्हणजे ते एकेक खाना विचारेल. टू मार्करमध्ये टोक, फ्रॉम मार्करमध्ये खुंटी. रेफरन्स फ्रेमचा खाना रिकामा सोडा, का ते खाली सांगतो. शेवटी लिहिलेलं असं दिसेल:

व्हीआर (टोक, खुंटी)

व्हेरिफाय दाबून चेक करा. आणि युनिट्सचा खाना "नो युनिट्स" वर तसाच सोडू नका, तिथे व्हेलॉसिटी निवडा, नाहीतर ग्राफवर नुसता आकडा येतो आणि रिपोर्ट वाचणारा विचारतो हे मिमी का मीटर.

असंच अजून एक फंक्शन मेजर अंतराचं बनवा, डीएम (टोक, खुंटी). डीएम म्हणजे दोन मार्करमधलं सरळ अंतर.

मेजर आधी बनवायचे आणि सिम्युलेशन नंतर चालवायचं ही सवय लावून घ्या. नंतर बनवलेत तर परत एकदा चालवा.

पायरी ५, चालवणं

एंड टाइम ३.१४, स्टेप्स ३१४, म्हणजे दर ०.०१ सेकंदाला एक आकडा. या मॉडेलमध्ये डिग्री ऑफ फ्रीडम शून्य आहे, मोशनने सगळं ठरवून टाकलंय, त्यामुळे वजन कितीही असलं तरी उत्तर बदलणार नाही. धक्का, टक्कर असलं काही असेल तेव्हा मात्र स्टेप फार मोठी ठेवू नका, पीक दोन आकड्यांच्या मधून निसटून जातो आणि ग्राफवर कधी दिसतच नाही.

आता कागद घ्या

दांडी क्ष अंशात फिरली असेल तर टोक आणि खुंटीमधलं अंतर शाळेतल्या कोसाइनच्या नियमाने निघतं. अंतराचा वर्ग बरोबर १०० चा वर्ग अधिक ३०० चा वर्ग वजा ६०००० गुणिले कोसाइन क्ष, म्हणजे १००००० वजा ६०००० कोसाइन क्ष. हे वेळेच्या हिशोबाने एकदा डिफरन्शिएट केलं की रेडियल वेग येतो: ३०००० गुणिले साइन क्ष गुणिले २, आणि भागिले ते अंतर.

सुरुवातीला क्ष शून्य आहे, टोक खुंटीच्या सगळ्यात जवळ, अंतर २०० मिमी. साइन शून्य म्हणून व्हीआर शून्य. दांडी ९० अंशात उभी झाली, म्हणजे ०.७८५ सेकंदाला, अंतर ३१६.२ मिमी आणि व्हीआर १८९.७ मिमी प्रति सेकंद. १८० अंशाला, १.५७ सेकंदाला, टोक सगळ्यात लांब, अंतर ४०० आणि व्हीआर परत शून्य. मग टोक परत यायला लागतं, व्हीआर ऋण होतो, २७० अंशाला म्हणजे २.३५६ सेकंदाला उणे १८९.७.

तुमच्या ग्राफवर कर्सर नेऊन हे तीन-चार आकडे बघा, ०.०१ ची स्टेप असल्यामुळे शेवटच्या आकड्यात थोडा फरक दिसेल, तो चालतो. पण मला सगळ्यात आवडतो तो याच्या मधला एक क्षण. व्हीएमचा ग्राफ बघा, तो सरळ आडवी रेषा आहे, २०० वर, कारण टोकाचा वेग १०० मिमी गुणिले २ रेडियन, सगळा वेळ तेवढाच. व्हीआर त्याच्या खाली वरखाली होतोय, आणि ०.६१५ सेकंदाला, ७०.५ अंशावर, तो बरोबर २०० ला जाऊन व्हीएमला टेकतो. तिथे काय होतंय ते ॲनिमेशन थांबवून बघा: दांडी आणि टोक-खुंटीची रेषा यांच्यात बरोबर काटकोन झालाय. म्हणजे टोक त्या क्षणी नेमकं खुंटीपासून सरळ लांब पळतंय, एक कणही आडवं जात नाहीये, सगळाच वेग रेषेवर. बाकी प्रत्येक क्षणाला व्हीआर व्हीएमपेक्षा कमीच असणार, जास्त कधीच नाही. कुठल्याही मॉडेलमध्ये व्हीआर व्हीएमच्या वर गेलेला दिसला तर समजा दोन मेजरमध्ये वेगवेगळे मार्कर पडलेत, किंवा व्हीएमच्या रेफरन्स फ्रेमच्या खान्यात काहीतरी भरलं गेलंय.

अजून एक पडताळा करा. पोस्टप्रोसेसरमध्ये, एफ-८ दाबून, डीएमचा कर्व्ह घ्या आणि कर्व्ह एडिटच्या टूलबारवरून तो डिफरन्शिएट करा. नवीन कर्व्ह व्हीआरवर बरोबर बसला पाहिजे, एकावर एक. बसला की तुम्हाला व्हीआर म्हणजे काय हे कुणी समजावून सांगायची गरज राहिली नाही, तुम्ही डोळ्याने बघितलं. याचा अर्थ असा नाही की नेहमी डीएम काढून डिफरन्शिएट करावं. ठरावीक अंतरावरच्या आकड्यांवरून काढलेला उतार कर्व्हला जिथे झटके असतात तिथे दातेरी येतो, व्हीआर सॉल्व्हरकडचे वेगच थेट वापरतं म्हणून स्वच्छ येतं. आणि फोर्सच्या आत तर पोस्टप्रोसेसरचा कर्व्ह वापरताच येत नाही.

चिन्ह, क्रम आणि फ्रेम

पॉइंट लांब जात असतील तर व्हीआर धन, जवळ येत असतील तर ऋण. हे पाठच करा.

टू आणि फ्रॉम उलटे टाकले तर? करून बघा, व्हीआर (खुंटी, टोक). ग्राफ तसाच्या तसा. कारण उलटं केल्यावर वेगाची दिशा पण उलटते आणि ज्या रेषेवर मोजतोय तिची दिशा पण उलटते, दोन उणे मिळून एक अधिक. मी तुमच्यापासून लांब जातोय आणि तुम्ही माझ्यापासून लांब जाताय हे एकच आहे. व्हीएक्स, व्हीवाय, व्हीझेड, म्हणजे एक्स, वाय, झेड अक्षांवरचे वेग, यांचं तसं नाही हं, तिथे क्रम उलटला की चिन्ह उलटतं, आणि त्या सवयीने लोक व्हीआरमध्येही उगाच पुढे उणे लावून ठेवतात.

आता तो रेफरन्स फ्रेमचा खाना. व्हीएम आणि व्हीएक्ससारख्या फंक्शनमध्ये तो फार महत्त्वाचा असतो, कारण कोणत्या पार्टवर बसून बघताय त्याप्रमाणे उत्तर बदलतं. एकाच फिरणाऱ्या दांडीवरचे दोन पॉइंट घ्या. जमिनीवरून बघाल तर एकाच्या मानाने दुसरा गोल फिरतोय, व्हीएमला आकडा येतो. दांडीवर बसून बघाल तर दोघं जागच्या जागी, व्हीएम शून्य. पण व्हीआर? जमिनीवरूनही शून्य, दांडीवरूनही शून्य, कारण अंतर काही बदलत नाहीये आणि अंतर हे बघणाऱ्यावर अवलंबून नसतं, टेप लावून मोजलं की तेच येतं. फ्रेम फिरत असल्यामुळे वेगात जो भाग वाढतो किंवा कमी होतो तो नेहमी रेषेला काटकोनात असतो, रेषेवर त्याची सावलीच पडत नाही. म्हणून तो खाना रिकामा सोडायला सांगितलं.

व्हीआर कुठे वापरू नये

दोन मार्कर एकमेकांवर येऊन बसले, अंतर शून्य झालं, तर व्हीआरला अर्थ उरत नाही. रेषाच नाही तर रेषेवरचा वेग कसला, गणितात शून्याने भागाकार होतो आणि सॉल्व्हर तिथे अडतो. म्हणून ज्या दोन पॉइंटमध्ये व्हीआर वापरताय ते पूर्ण हालचालीत कधीच एका जागी येणार नाहीत याची खात्री करा, डीएमचा सगळ्यात कमी आकडा बघितला की कळतं.

आणि सरळ रेषेत जाणारा एखादा स्लायडर मधल्या पॉइंटच्या आरपार जातो तेव्हा व्हीआर उणे वरून एका झटक्यात अधिक होतं, स्लायडर तर एकसारखाच चाललेला असतो. तिथे व्हीआर नकोच, स्लायडरच्या अक्षावर लावलेला मार्कर घेऊन व्हीएक्स किंवा व्हीझेड घ्या, काम सरळ होतं.

दुसऱ्या सॉफ्टवेअरवाल्यांसाठी एवढंच की अल्टेअरच्या मोशनसॉल्व्हमध्येही व्हीआर याच नावाने आहे. सिमस्केप मल्टिबॉडीमध्ये ट्रान्सफॉर्म सेन्सर ब्लॉक घेऊन व्हेलॉसिटीखाली डिस्टन्सवर टिक करा. तिथेच रेडियस असंही एक नाव आहे, ते बघून हात तिकडे जातो, पण ते झेड अक्षापासूनच्या अंतराचं आहे, दोन पॉइंटमधल्या अंतराचं नाही.

आता खऱ्या कामाकडे

हे सगळं मी इतक्या कळकळीने का सांगतोय त्याला कारण आहे. अंबडच्या आधी मी दुसरीकडे कामाला होतो, सुरुवातीची वर्षं होती. दुचाकीच्या मागच्या शॉकचं मॉडेल केलं होतं, फोर्स म्हणून एसफोर्स, म्हणजे दोन मार्करमधल्या रेषेवर लागणारा फोर्स, टाकला आणि त्यात डॅम्पिंगसाठी लिहिलं उणे सी (डॅम्पिंगचा गुणक) गुणिले व्हीएम. मला तेव्हा वाटलं होतं, वेगच पाहिजे ना, मग व्हीएम. गाडी एका खड्ड्यातून नेली तर ती डोलायला लागली आणि डोलणं काही थांबेचना. डॅम्पिंग दुप्पट केलं, चौपट केलं, तरी तेच, उलट गाडी नेहमीच्या उंचीपेक्षा खाली राहून डोलायला लागली. दोन दिवस टायरच्या मॉडेलमध्ये, स्प्रिंगच्या रेटमध्ये, सॉल्व्हरच्या सेटिंगमध्ये शोधत बसलो.

कारण असं होतं: व्हीएम कधीच ऋण होत नाही. एसफोर्समध्ये धन फोर्स म्हणजे दोन्ही टोकं एकमेकांना ढकलतात, ऋण म्हणजे ओढतात. उणे सी गुणिले व्हीएम म्हणजे कायम ओढणंच. शॉक ताणला जातो तेव्हा ओढणं बरोबर आहे, डॅम्परने तेच करायचं असतं. पण शॉक दबला जात असताना पण तो आतच ओढत होता, म्हणजे दबायला मदत करत होता. एका अर्ध्या फेऱ्यात जेवढी ऊर्जा खायची तेवढी दुसऱ्या अर्ध्यात परत द्यायची, मग हेलकावा मरणार कसा. व्हीएमच्या जागी व्हीआर लिहिलं, दोन अक्षरांतलं एक बदललं, आणि गाडी दोन झोक्यांत शांत झाली.

म्हणून डॅम्परसकट स्प्रिंगचा फोर्स लिहायची रीत अशी:

फोर्स = − के × (डीएम − मूळ लांबी) − सी × व्हीआर

के म्हणजे स्प्रिंगचा रेट. डीएम आणि व्हीआर, दोन्हीकडे तेच दोन मार्कर. शॉक दबतोय, व्हीआर उणे २००, सी समजा १.५ न्यूटन-सेकंद प्रति मिमी, तर डॅम्परचा भाग अधिक ३०० न्यूटन, म्हणजे ढकलतोय, दबायला विरोध करतोय. बरोबर. साधं रेषीय असेल तर तयार स्प्रिंग-डॅम्पर एलिमेंट लावा, तो आतून हेच करतो, आणि त्याच्यावर डिफॉर्मेशन व्हेलॉसिटीचं मेजर घेऊन ते तुमच्या व्हीआरशी जुळतंय का ते पण बघा.

दुसरी चूक जी मी वरचेवर बघतो ती व्हीएमपेक्षा अवघड आहे पकडायला, कारण गाडी डोलत वगैरे नाही, सगळं ठीक दिसतं. चाक वर-खाली होतंय म्हणून लोक उभा वेग घेतात, व्हीवाय. पण शॉक उभा कुठे असतो, तो तिरका असतो. वरचं टोक स्थिर धरा, खालचं टोक या क्षणी सरळ वर ३०० मिमी प्रति सेकंदाने जातंय आणि शॉक उभ्या रेषेपासून ३० अंश कललेला आहे. शॉक दबण्याचा वेग ३०० नाही, ३०० गुणिले कोसाइन ३०, म्हणजे २६० च्या आसपास. सी २ असेल तर खरा फोर्स ५२० न्यूटन आणि व्हीवायने काढलेला ६००. पंधरा टक्के जास्त. कुणी म्हणेल कोसाइन ३० ने गुणून टाकू, पण चाक वर जाईल तसा तो कोन बदलत जातो, स्विंगआर्मचं टोक कंसात फिरतं, एकच कोसाइन सगळीकडे चालत नाही. व्हीआर दर क्षणाला त्या क्षणीच्या रेषेवर मोजतं म्हणून हा हिशोब आपोआप होतो. अंबड लिंक रोडवरून पावसाळ्यात ज्याने स्कूटर चालवलीये त्याला माहितीये शॉक किती लांबपर्यंत दबतो, तेवढ्या प्रवासात कोन चांगलाच बदलतो.

खरे शॉक दबताना आणि सुटताना सारखा विरोध करत नाहीत, गाड्यांमध्ये साधारण सुटतानाचा विरोध जास्त ठेवतात. टेस्ट बेंचवरचा फोर्स-व्हेलॉसिटीचा डेटा असेल तर त्याची स्प्लाइन, म्हणजे त्या आकड्यांमधून जाणारा कर्व्ह, बनवा आणि एसफोर्समध्ये एकेआयस्प्ल (AKISPL) फंक्शन वापरा, पहिल्या खान्यात व्हीआर, दुसऱ्यात शून्य, तिसऱ्यात स्प्लाइनचं नाव. पण डेटा टाकायच्या आधी त्या शीटवर दबणं धन धरलंय का ऋण ते विचारून घ्या, प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. ॲडम्सला पाहिजे तसं म्हणजे व्हीआर ऋण असताना फोर्स धन आणि व्हीआर धन असताना फोर्स ऋण, ग्राफ डावीकडे वरून उजवीकडे खाली उतरला पाहिजे.

आणि मॉडेल कुणाला दाखवायच्या आधी अजून एक फंक्शन मेजर बनवा, डॅम्परचा फोर्स गुणिले व्हीआर. स्प्रिंगचा भाग वेगळ्या एसफोर्समध्ये ठेवला तर हे सोपं जातं, आणि गॅसवाला शॉक असेल तर गॅसचा दाब पण स्प्रिंगच्या बाजूला टाका, डॅम्परमध्ये नको. हा गुणाकार म्हणजे डॅम्पर दर सेकंदाला गाडीला किती ऊर्जा देतोय, आणि डॅम्पर कधीच ऊर्जा देत नाही, फक्त खातो आणि गरम होतो. म्हणजे हा ग्राफ पूर्ण सिम्युलेशनभर शून्यावर किंवा शून्याच्या खाली असला पाहिजे. माझ्या त्या दोन दिवसांच्या मॉडेलवर हा ग्राफ काढला असता तर पहिल्याच झोक्याला तो शून्याच्या वर गेलेला दिसला असता. तुमच्यात कुठे वर गेला तर ती वेळ टिपून घ्या, ॲनिमेशन त्या क्षणाला थांबवा, दोन मार्करमध्ये पट्टी धरल्यासारखं बघा की ते जवळ येतायत का लांब जातायत, आणि त्याच क्षणी फोर्सचं चिन्ह काय आहे.